नवे घर, जुने वीजबिल

कोल्हापुरात घर घेताना आपण प्रॉपर्टी कार्ड पाहतो, वकिलाकडून सर्च काढतो, नळाला पाणी किती वेळ येते ते शेजाऱ्यांना विचारतो. आम्हीही हे सगळे केले. विजेचा मीटर मात्र फिरतोय ना, एवढेच पाहिले.

पेठेतल्या त्या घरात राहायला येऊन तीन आठवडे झाले आणि बिल हातात पडले. नाव आधीच्या मालकांचे, म्हणजे ज्यांच्या बेवा पत्नीकडून आम्ही घर घेतले त्या मरहूम गृहस्थांचे. थकबाकी अकरा महिन्यांची, तेरा हजारांच्या वर. अब्बा म्हणाले, "ज्याने दिवे लावले तो भरेल." आम्हालाही ते बरोबर वाटले.

कायदा मात्र तसे म्हणत नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या नियमांप्रमाणे आधीच्या मालकाची किंवा राहणाऱ्याची थकबाकी त्या जागेवरच बोजा म्हणून राहते आणि नव्या मालकाकडून वसूल करता येते. हा नियम 2005 च्या संहितेत होता, 2021 च्या नव्या संहितेतही आहे. केरळ वीज मंडळाच्या एका प्रकरणात 19 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही अशा नियमांना मान्यता दिली. जुनी बाकी भरल्याशिवाय नवे कनेक्शन नाही, अशी अट कंपनी घालू शकते.

पण त्याच नियमाला एक मर्यादा आहे आणि ती खिडकीवर कोणी आपणहून सांगत नाही. विकत घेणाऱ्यावर जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच थकबाकी येते. अकरा महिन्यांपैकी पाच महिन्यांशी आमचा संबंध नव्हता. आम्ही तसा लेखी अर्ज खरेदीखताच्या नकलेसह दिला आणि पोच घेतली. तोंडी बोलण्यात दोन खेपा वाया गेल्या होत्या. बिलाबद्दल वाद असेल तर 'हरकत नोंदवून' रक्कम भरता येते, आणि वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. "उद्या तोडू" या धमकीने घाबरून जाऊ नये.

इथे आपल्या घरांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. सहा महिन्यांची ही सवलत वारसांना नाही. आपल्याकडे दादांचा इंतकाल होऊन वीस वर्षे झाली तरी मीटर त्यांच्याच नावावर असतो. वाटण्या होतात, एक भाऊ खाली, एक वर, आणि बिल कोण भरतो हे कोणालाच धड ठाऊक नसते. अशा वेळी पूर्ण बाकी वारसांवर येते.

घरफाळा आणि पाणीपट्टीचा हिशेब निराळा. विक्रीच्या तारखेपर्यंतचे सरकारी कर विकणाऱ्यानेच भरायचे, असे मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो, पण महापालिकेचा बोजा घरावर असतोच. अहमदाबादेत कोर्टाच्या लिलावात घर घेतलेल्या एकाला 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या करातून मोकळे केले, कारण त्याला थकबाकीची माहिती नव्हती. ज्याने चौकशीच केली नाही त्याला हा आधार मिळेलच असे नाही. म्हणून महापालिकेकडून थकबाकी नसल्याचा दाखला बयाण्याआधीच घ्यावा.

राहिले ते सहा महिने. आम्ही भरले, साडेसात हजार. खरेदीखतात 'आधीची देणी विकणाऱ्याची' असे कलम होते, म्हणजे खालांकडून ते मागण्याचा आमचा हक होता. अम्मी म्हणाल्या, "इद्दत संपून चार महिने झाले नाहीत तिला. राहू द्या." अब्बांचे मत वेगळे. मरहूमांच्या नावावर कर्ज आहे हे त्यांच्या घरच्यांना कळलेच पाहिजे, घ्यायचे की नाही ते नंतर. दोघांचेही खरे होते, आणि दोन दिवस घरात याच्यावरून अबोला होता.

शेवटी अब्बाच बिल घेऊन गेले. खालांना काहीच माहीत नव्हते. मागचे वर्षभर तिथे भाडेकरू होता आणि बिल तो भरतो अशी त्यांची समजूत. त्यांनी चष्मा लावून महिने मोजले आणि विचारले, "बाकीचे पाच महिने कोणाचे?" अब्बांनी सांगितले, ते कंपनी तुमच्याकडे मागेल. त्या दर महिन्याला हजार रुपये पाठवतात, पाच हप्ते आले आहेत. पुढचे घेऊ नयेत असे अम्मींचे म्हणणे आहे. खाला ऐकत नाहीत. मीटरचे नाव बदलायचा अर्ज आम्ही दिला आहे.