योहान क्रायफ : बुडालेले भांडवल, टिकलेली विद्या

व्यापारी घरांत पेढी पुढच्या पिढीकडे सोपवताना वडीलधारी माणसे दोन गोष्टी देत असतात. एक भांडवल आणि दुसरी धंद्याची जाण. भांडवल मोजता येते, वहीत मांडता येते, भावाभावांत वाटूनही देता येते. जाण मात्र वर्षानुवर्षे शेजारी बसून शिकावी लागते. संकट आले की या दोहोंपैकी कोणती कामी येते, या प्रश्नाचे उत्तर देणारे एक चरित्र फुटबॉलच्या मैदानावर घडले. हॉलंडचे थोर खेळाडू आणि पुढे तितकेच थोर प्रशिक्षक ठरलेले योहान क्रायफ यांचे ते चरित्र होय.

२५ एप्रिल १९४७ रोजी अॅमस्टरडॅममध्ये योहानचा जन्म झाला. बेटोनडॉर्प या कामगारवस्तीत आईवडिलांचे भाजी आणि फळांचे दुकान होते. अयाक्स या नामांकित फुटबॉल क्लबचे मैदान तेथून चालत काही मिनिटांवर होते. दहाव्या वाढदिवशी या किडकिडीत मुलाला क्लबच्या बालसंघात प्रवेश मिळाला. १९५९ मध्ये, योहान बारा वर्षांचा असताना, वडील हृदयविकाराने अकस्मात गेले. दुकान गेले. आईने अयाक्समध्येच साफसफाईचे काम पत्करले आणि घर चालवले. पुढे तिने त्याच मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याशी विवाह केला. अशा रीतीने वडिलांचे छत्र हरपलेल्या मुलासाठी मैदान हेच घर झाले आणि तेच पाठशाळाही झाले.

१५ नोव्हेंबर १९६४ रोजी सतरा वर्षांचा योहान अयाक्सच्या मुख्य संघातून प्रथम खेळला. संघ त्या दिवशी हरला, परंतु संघाचा एकमेव गोल या नवख्या मुलाने केला होता. काही महिन्यांतच रिनस मिशेल्स हे प्रशिक्षक क्लबात आले. मिशेल्स आणि क्रायफ या गुरुशिष्यांच्या हाती खेळाची जी पद्धत आकाराला आली, तिला जगाने पुढे 'टोटल फुटबॉल' असे नाव दिले. कोणत्याही खेळाडूने आपल्या नेमून दिलेल्या जागेला चिकटून राहायचे नाही. एक पुढे गेला की दुसऱ्याने त्याची जागा सांभाळायची, हे या पद्धतीचे सूत्र. व्यापारी माणसाला ते लगेच उमगेल. ज्या पेढीत गल्ल्यावर बसणाऱ्याला गोदामाची माहिती असते आणि गोदाम सांभाळणाऱ्याला गिऱ्हाईक ओळखता येते, ती पेढी एखादा माणूस आला नाही म्हणून अडून राहत नाही.

या पद्धतीच्या बळावर अयाक्सने १९७१, १९७२ आणि १९७३ अशी सलग तीन वर्षे युरोपातील सर्वश्रेष्ठ क्लबचा चषक जिंकला. १९७२ च्या अंतिम सामन्यातील दोन्ही गोल क्रायफ यांचे होते. युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा मान, म्हणजे 'बॅलन डी'ओर', त्यांना १९७१, १९७३ आणि १९७४ असा तीनदा मिळाला.

हिऱ्यांचा व्यापारी सासरा

१९६८ च्या डिसेंबरमध्ये क्रायफ यांचा विवाह डॅनी कोस्टर यांच्याशी झाला. सासरे कोर कोस्टर हे अॅमस्टरडॅममधील हिऱ्यांचे व्यापारी. खेळाडूने क्लब देईल ते मुकाट्याने घ्यावे, असा तो काळ होता. जावयाच्या वतीने कोस्टर करारासाठी समोर बसू लागले आणि हिऱ्याची पारख करणाऱ्या माणसाने खेळाडूच्या कौशल्याचेही योग्य मोल मागितले. हा हिशेबीपणा लोभातून आलेला नव्हता, त्यामागे न्यायाची चाड होती. राष्ट्रीय संघाबरोबर प्रवास करताना पदाधिकाऱ्यांचा विमा उतरवला जातो, मग प्रत्यक्ष मैदानात उतरणाऱ्यांचा का नाही, असा प्रश्न क्रायफ यांनी तरुण वयातच विचारला होता. १९७४ च्या विश्वचषकात संपूर्ण डच संघाच्या पोशाखावर एका कंपनीच्या तीन पट्ट्या होत्या. क्रायफ यांचा करार दुसऱ्या कंपनीशी असल्याने त्यांच्या सदऱ्यावर दोनच पट्ट्या राहिल्या. दिलेला शब्द त्यांनी देशाच्या पोशाखातही पाळला.

१९७३ मध्ये स्पेनच्या बार्सिलोना क्लबने सुमारे साठ लाख गिल्डर देऊन त्यांना आपल्याकडे आणले. त्या काळी जगात कोणत्याही खेळाडूसाठी इतकी रक्कम मोजली गेली नव्हती. १९६० नंतर राष्ट्रीय विजेतेपद न पाहिलेल्या बार्सिलोनाला ते पहिल्याच हंगामात मिळाले. १७ फेब्रुवारी १९७४ रोजी रेआल माद्रिदचा त्यांच्याच मैदानावर ५-० असा पराभव झाला, त्याची आठवण त्या शहरात आजही काढली जाते. त्याच वर्षीच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हॉलंड पश्चिम जर्मनीकडून २-१ असे हरले. मात्र त्या संघाचा खेळ विजेत्यांच्या खेळाइतकाच लोकांच्या लक्षात राहिला.

बुडालेली रक्कम

१९७८ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, क्रायफ यांनी खेळातून निवृत्ती घेतली. गाठीशी मोठा पैसा होता. या सुमारास कोस्टर यांचा सल्ला बाजूला राहिला आणि एका ओळखीच्या माणसाच्या भरवशावर त्यांनी आपली मिळकत निरनिराळ्या उद्योगांत गुंतवली. त्यातील प्रमुख उद्योग वराहपालनाचा होता. त्या धंद्याची त्यांना माहिती नव्हती, गोडी तर मुळीच नव्हती. गुंतवणूक बुडाली आणि आयुष्यभराच्या कमाईचा फार मोठा भाग तिच्याबरोबर गेला. आपल्या सुबुद्धीवर फाजील विश्वास ठेवल्याची ही शिक्षा होती, हे त्यांनी पुढे स्वतःच मान्य केले.

अशा प्रसंगी माणसापुढे दोन वाटा असतात. गेलेला पैसा परत मिळवण्यासाठी त्याच खड्ड्यात आणखी पैसा टाकणे ही एक. आणि तोटा तोटा म्हणून मान्य करून, वही मिटवून, आपल्याला जे येते त्याकडे परतणे ही दुसरी. सासऱ्यांच्या आग्रहाने क्रायफ यांनी दुसरी वाट धरली. १९७९ मध्ये ते अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या संघाकडून खेळू लागले. तेथे प्रशिक्षक म्हणून मिशेल्सच होते. पुढचे वर्ष वॉशिंग्टनमध्ये गेले, त्यानंतर काही काळ स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीतील लेव्हांते क्लबकडे. जगातील सर्वश्रेष्ठ म्हणून गौरवलेल्या खेळाडूने दुय्यम मैदानांवर उतरण्यात कमीपणा मानला नाही.

१९८१ च्या अखेरीस ते अयाक्समध्ये परतले, तेव्हाचा करार व्यापारी वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावा असा होता. चौतीस वर्षांच्या खेळाडूला मोठे वेतन देण्यात क्लबला जोखीम वाटणे स्वाभाविक होते. म्हणून असे ठरले की, नेहमीपेक्षा जेवढे अधिक प्रेक्षक तिकीट काढून येतील, त्या वाढीव उत्पन्नात क्रायफ यांचा वाटा राहील. लोक आले नाहीत तर क्लबचे काही जात नव्हते. आले तर दोघांचाही लाभ होता. लोक आले. अयाक्सने १९८२ आणि १९८३ अशी दोन्ही वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

तरीही १९८३ मध्ये वयाचे कारण पुढे करून क्लबने करार वाढवला नाही. दुखावलेले क्रायफ अयाक्सच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे, रॉटरडॅमच्या फेयेनूर्द क्लबकडे गेले. हंगामाच्या प्रारंभी अयाक्सने फेयेनूर्दला ८-२ असे धुऊन काढले. परंतु हंगाम संपला तेव्हा राष्ट्रीय विजेतेपद आणि राष्ट्रीय चषक दोन्ही फेयेनूर्दकडे होते. सदतिसाव्या वर्षी, वर्षातील सर्वोत्तम डच खेळाडूचा मान घेऊन, क्रायफ खेळाडू म्हणून थांबले.

शिकवणारा क्रायफ

१९८५ मध्ये ते अयाक्सचे मार्गदर्शक झाले. प्रशिक्षकाची पदविका त्यांच्याजवळ नव्हती, म्हणून पदाला 'तांत्रिक संचालक' असे नाव द्यावे लागले. त्यांच्या हाताखाली अयाक्सने १९८७ मध्ये युरोपातील चषकविजेत्या संघांची स्पर्धा जिंकली. डेनिस बर्गकॅम्प हा सतरा वर्षांचा मुलगा त्यांनीच मुख्य संघात उतरवला.

१९८८ मध्ये बार्सिलोनाने त्यांना प्रशिक्षक म्हणून बोलावले, तेव्हा क्लबाची घडी पार विस्कटलेली होती. खेळाडूंनी अध्यक्षांच्या राजीनाम्याची उघड मागणी केली होती आणि प्रेक्षकांनी पाठ फिरवली होती. क्रायफ यांनी जुन्यांपैकी अनेकांना निरोप दिला, नवी माणसे निवडली आणि क्लबच्या 'ला मासिया' या निवासी शाळेतील मुलांकडे लक्ष वळवले. लहानांच्या संघापासून मुख्य संघापर्यंत एकाच पद्धतीने खेळायचे, म्हणजे वर आलेल्या मुलाला नव्याने काही शिकवावे लागत नाही, असा त्यांचा विचार होता. रोजच्या सरावात खेळाडूंचे वर्तुळ, मध्ये एकदोघे आणि चेंडू झटपट एकाकडून दुसऱ्याकडे, हा साधा वाटणारा खेळ त्यांनी शिकवणीचा पाया केला. धावण्याचे काम चेंडूने करावे, माणसाने विचार करावा, ही त्यांची धारणा होती.

फळ यायला वेळ लागला. १९९१ ते १९९४ अशी सलग चार राष्ट्रीय विजेतेपदे मिळाली. २० मे १९९२ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर इटलीच्या सांपदोरिया संघाला १-० असे हरवून बार्सिलोनाने प्रथमच युरोपचा सर्वोच्च चषक जिंकला. दडपणाखाली असलेल्या खेळाडूंना त्या दिवशी त्यांनी मैदानात जाऊन आनंद लुटण्यास सांगितले होते. आठ वर्षांत एकूण अकरा चषक क्लबच्या कपाटात आले.

या यशाच्या मध्यावर एक इशारा येऊन गेला. क्रायफ लहान वयापासून धूम्रपान करीत. फेब्रुवारी १९९१ मध्ये त्यांच्या हृदयावर बायपास शस्त्रक्रिया करावी लागली. वडील याच विकाराने गेले होते. सिगारेट त्याच दिवशी सुटली. पुढे सामन्याच्या वेळी त्यांच्या तोंडात काडीवरची गोळी दिसू लागली. काताळुन्याच्या आरोग्य खात्यासाठी त्यांनी एक जाहिरातही केली. तीत ते सिगारेटचे पाकीट चेंडूसारखे पायावर खेळवतात आणि शेवटी लाथाडून देतात. ते रुग्णालयात आणि विश्रांतीत असताना त्यांचे सहायक कार्लेस रेशाक यांनी संघ सांभाळला आणि त्याच वर्षी विजेतेपद मिळाले. मालक अंथरुणाला खिळला तरी दुकान चालू राहिले, यातच त्याच्या शिकवणीची परीक्षा झाली.

उतारही आला. मे १९९४ मध्ये अथेन्स येथे युरोपीय अंतिम सामन्यात मिलान संघाने बार्सिलोनाचा ४-० असा धुव्वा उडवला. प्रतिस्पर्ध्याला कमी लेखल्याची किंमत त्या रात्री मोजावी लागली. पुढच्या दोन हंगामांत एकही मोठा चषक आला नाही. मुलगा जोर्डी आणि जावई दोघेही संघात असल्याने टीका होत राहिली आणि १९९६ च्या मे महिन्यात हंगाम संपण्यापूर्वीच त्यांना कटुतेने पद सोडावे लागले.

वारस कोण?

क्रायफ यांचा खरा वारस घरातला निघाला नाही. सांतपेदोर या लहान गावातील एका गवंड्याचा मुलगा ला मासियात शिकत होता. अंगाने किरकोळ, पायाने फारसा वेगवान नाही; परंतु चेंडू येण्यापूर्वीच तो कोठे द्यायचा हे त्याला ठाऊक असे. क्रायफ यांनी त्याला डिसेंबर १९९० मध्ये मुख्य संघात घेतले आणि मैदानाच्या मध्यभागी उभे केले. तो मुलगा म्हणजे पेप ग्वार्डिओला. २००८ मध्ये ग्वार्डिओला त्याच क्लबचे प्रशिक्षक झाले आणि चार वर्षांत त्यांनी चौदा चषक जिंकले. २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हॉलंडला हरवणाऱ्या स्पेनच्या अकरा खेळाडूंपैकी सहा ला मासियात घडलेले होते. त्या सामन्यात आडदांड खेळ करणाऱ्या स्वतःच्या देशाच्या संघाला क्रायफ यांनी जाहीरपणे दोष दिला.

१९९७ मध्ये त्यांनी मुलांच्या खेळासाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले; दाट वस्त्यांतील मुलांना खेळण्यास जागा मिळावी म्हणून ते लहान मैदाने उभारते. १९९९ मध्ये खेळाडूंना व्यवस्थापन शिकवणारी संस्था त्यांच्या नावाने सुरू झाली. मैदानाबाहेरच्या व्यवहाराचे अज्ञान किती महाग पडते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? २४ मार्च २०१६ रोजी फुफ्फुसाच्या कर्करोगाने बार्सिलोनात त्यांचे निधन झाले. व्यसन सोडून पंचवीस वर्षे लोटली होती. २०१८ मध्ये अॅमस्टरडॅमच्या मोठ्या क्रीडागाराला त्यांचे नाव देण्यात आले.

न कळणाऱ्या धंद्यात दुसऱ्याच्या शब्दावर पैसा घालण्याचा मोह आजही प्रत्येक घरासमोर येतो. तोटा झाल्यावर तो मान्य करण्याचा संकोचही तितकाच जुना आहे. पेढी कोणाच्या हाती द्यावी, हा प्रश्न तर अनेक घरांत वर्षानुवर्षे न बोलता तसाच राहतो. क्रायफ यांची बुडालेली रक्कम त्यांना परत मिळाली नाही. हातातली विद्या होती म्हणून ते पुन्हा उभे राहिले. ती विद्या त्यांनी ज्याच्यात पात्रता दिसली त्याला दिली, म्हणून ती त्यांच्यामागेही चालू आहे. घरातील तरुणांना भांडवल देण्याआधी त्यांना शेजारी बसवून काम शिकवावे, आणि शिकणारा पुतण्या असो वा मुनिमाचा मुलगा, त्याची समज पाहून त्याला संधी द्यावी, एवढे या चरित्रातून घेता आले तरी पुरे.