सायबाचं काडतूस आणि आमची ठासणी

यंदाही रानडुकरं नागलीत घुसली. रात्रभर माळ्यावर बसून आम्ही डबे बडवले, आरोळ्या मारल्या. पहाटे बघतो तर अर्धं शेत लोळवलेलं. पुढच्या आठवड्यात गार्ड आला, तो नुकसान बघायला नाय. कुणाच्या घरात ठासणीची बंदूक आहे ते हुडकायला.

वरचे लोक म्हणतात, आदिवासींच्या शिकारीने जंगल उजाड झालं. मग हिशेब होऊनच जाऊ द्या.

विलायतेतले कारखाने मोठ्या जनावरांसाठी खास दुनळी रायफली बनवत. ४५० बोअर, ५०० बोअर, ५७७ बोअर. ५७७ ची एक गोळी चार तोळ्यांच्या वर. अशा रायफली घेऊन सायब, राजे, जमीनदार मचाणावर बसले, आणि खाली काट्याकुट्यातून हाका द्यायला आमचे आजे. सुरगुजाच्या महाराजाने १९६५ साली स्वतः पत्रात लिहून दिलं की आपण ११५० वाघ मारले. सुरगुजा म्हंजे आदिवासींचाच मुलूख. एवढे वाघ मारायला आमच्या गावाला किती पिढ्या लागल्या असत्या?

आता काडतूस हाताने भरण्याचं बघा. अमेरिकेत, आफ्रिकेत पैसेवाले शिकारी आजही घरी बसून मोठ्या बोअरची काडतुसं भरतात. उडालेली पितळी पुंगळी जपून ठेवायची, नवी टोपी बसवायची, काट्यावर दारू तोलायची, वर गोळी. त्याला ते हुन्नर म्हणतात, त्यावर पुस्तकं निघतात. आमचा म्हातारा नळीत दारू घालतो, चिंधी ठासतो, छर्रे सोडतो. काम तेच, पण त्याला लागतं कलम.

हे कलम जनावरांच्या मायेतून आलेलं नाय. १८७८ साली इंग्रजाने एकाच वर्षी दोन कायदे केले, एक जंगलाचा आणि एक हत्यारांचा. एकाने रान घेतलं, दुसऱ्याने हत्यार. गोऱ्यांना मात्र परवान्याची सूट. पुढे १९०७ च्या सुमारास सरकारने ४५० बोअरची काडतुसं हिंदुस्थानात आणि सुदानात आणायला बंदी घातली. का? तर फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीची नळी त्याच मापाची. वायव्य सरहद्दीवर लढणाऱ्या टोळ्यांच्या हातात त्या रायफली होत्या. सायबाच्या शिकारी काडतुसातली गोळी उपटून कुणी बंडवाल्याने आपल्या काडतुसात भरली तर, ही धास्ती. मग सायबाने शिकार सोडली का? नाय. कारखान्यांनी माप जरासं बदललं, ४६५ काढलं, ४७० काढलं, आणि शिकार चालूच. अख्ख्या साम्राज्याला भीती होती ती हाताने काडतूस भरणाऱ्या माणसाची, वाघाची काळजी त्यात कुठेच नव्हती.

आम्ही काय बंदुकीचे भगत नाय. ठासणीचा बार उलटून बोटं गेलेली माणसं आमच्यात आहेत. चोरून आणलेली दारू, गंजलेली नळी, त्यातून दुसरं काय होणार? बिनपरवाना बंदूक घरात ठेवू नका हे आम्ही बैठकीत सांगतो, इथेही सांगतो. ती सापडली की केस होते, माणूस कोर्टाच्या फेऱ्या मारतो, पेरणी राहते, आणि मग "प्लॉट पडीक आहे" असा शेरा मारून जमीन काढून घेतात. डुकराने खाल्लं तरी तेच. पीक दिसत नाय, म्हंजे तुमची वहिवाट नाय!

पण कायदा त्यांच्याच बाजूने आहे असं समजू नका. १९५९ च्या हत्यार कायद्यात कलम १३ मध्ये लिहिलंय की पिकाच्या राखणीसाठी नागरिकाला ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यायचा. कलम १४ सांगतं, पुरेशी मालमत्ता नाय एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाय, आणि नाकारला तर कारण लिहून ठेवायचं, मागितलं तर सांगायचं. गेल्या वर्षी आमच्यातले काही जण अर्ज घेऊन कचेरीत गेले. कारकुनाने सातबारा मागितला. नाय म्हटल्यावर अर्ज हातात न घेताच बाहेर काढलं. ज्या सातबारासाठी आपण लढतोय, तोच दाखवा म्हणे.

डुक्कर मारायची परवानगी वेगळी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाला धोका हे कारण धरलेलं आहे. ती अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावी लागते, बंदुकीच्या परवान्यात ती येत नाय.

तर आता एकेकट्याने जायचं नाय. प्रत्येक पाड्याने नुकसान झालेल्या शेताचा पंचनामा स्वतः करावा, पाच पंचांच्या सह्या-अंगठे घ्यावेत. पुढच्या बाजाराच्या दिवशी सगळे अर्ज एकदम द्यायचे, बायांनीही यायचं, कारण माळ्यावर रात्री त्याही जागतात. अर्जाच्या दोन प्रती, एकीवर शिक्का. नकार दिला तर तो कागदावर मागा. पोच हातात पडेपर्यंत कचेरीची पायरी सोडायची नाय. भाकरी बांधून आणा.