वेसावकरांनो, गुरुवारी आधी मतदान

आज रविवार. मध्ये फक्त तीन दिवस आहेत. गुरुवारी, १५ जानेवारी २०२६ला, मुंबई महापालिकेचं मतदान आहे; सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. कोळीवाड्यातल्या, यारी रोडवरच्या, सात बंगल्यातल्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे, त्या दिवशी घरी बसू नका.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटारावरचं झाकण तुटलं होतं. पहाटे मासळीची पाटी डोक्यावर घेऊन निघालेल्या बायका तिथे भिंतीला चिकटून चालायच्या. पावसाळ्यात कुणीतरी त्या भोकात बांबू रोवला आणि त्याला लाल फडकं बांधलं. मी अर्ज घेऊन एका कार्यालयात गेले. त्यांनी दुसरीकडे पाठवलं, तिथून तिसरीकडे. माझ्या पिशवीत पाच पोचपावत्या जमल्या. पूर्वी असं काही झालं की आम्ही नगरसेवकाचं दार ठोठावायचो, नाहीतर भर बाजारात चारचौघींसमोर त्याला गाठायचो. आता ठोठावायला दारच नव्हतं. ते फडकं उन्हाने पांढरं पडलं.

मागची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ला झाली. नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ला संपली आणि तेव्हापासून कारभार प्रशासकाच्या हाती आहे. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी असं राज्यघटना सांगते. इथे मात्र पावणेचार वर्षं गेली आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाला तारीख बांधून द्यावी लागली. या काळात अर्थसंकल्प मांडणारा प्रशासक आणि मंजूर करणाराही प्रशासकच. २०२५-२६चा आकडा ७४ हजार कोटींच्या वर आहे. एवढ्या पैशातून आमच्या खाडीतला गाळ काढायला किती, धक्क्याकडच्या दिव्यांना किती, हे सभागृहात उभं राहून विचारणारा आपला एकही माणूस नव्हता. वर्सोव्याहून उत्तरेकडे जाणारा किनारी रस्ता महापालिकाच बांधते आहे. त्यात ४५ हजारांहून जास्त तिवरं बाधित होणार आहेत. तिवरांत मासळीची पिल्लं वाढतात, हे कोळ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. रस्ता हवा की नको यावर आपल्यातही दोन मतं आहेत, असू देत. पण ती मांडली कुठे जाणार होती?

२०१७ला मुंबईत सुमारे ५५ टक्के मतदान झालं होतं, म्हणजे जवळजवळ निम्मं शहर घरीच राहिलं. आणि २०२४च्या विधानसभेला आपल्या वर्सोव्याचा निकाल अवघ्या १,६०० मतांनी लागला. सात बंगल्यातल्या काही सोसायट्या मिळूनच तेवढी मतं होतील. आणि हे मत आपल्याला आयतं मिळालेलं नाही. १९४८च्या आधी पालिकेत मत द्यायला भाडं-कर भरण्याची ऐपत लागायची. माझ्या आजीच्या पिढीतल्या पाटीवाल्या बायकांना तो हक्क १९४८ला पहिल्यांदा मिळाला.

बुधवारी संक्रांत, गुरुवारी सुट्टी, शुक्रवारची रजा टाकली की सलग चार दिवस. अलिबाग-लोणावळ्याचे बेत ठरलेत, मला कळतं. गुरुवारी सकाळी मत द्या आणि मग निघा.

यादीतलं नाव आणि केंद्र आजच तपासा, मागचं केंद्र बदललेलं असू शकतं. नावापुढे दोन तारे दिसले तर घाबरून परत फिरू नका. ते दुबार नाव असल्याची खूण आहे. ओळख पटवून, दुसरीकडे मत देणार नाही असं हमीपत्र लिहून दिलं की मतदान करता येतं. फोटोचं ओळखपत्र सोबत ठेवा. मुंबईत प्रभागाला एकच नगरसेवक असतो, त्यामुळे बटण एकदाच दाबायचं.

आणि नाखवांनो, तुम्हाला हात जोडून सांगते. ज्या होड्या आज-उद्या लांब दर्यात निघणार आहेत, त्यांचा फेरा बुधवार रात्रीपर्यंत आवरा. तांडेल-खलाशांपैकी ज्यांची नावं इथल्या यादीत आहेत, ते गुरुवारी सकाळी धक्क्यावर उतरलेले असू देत.