दसऱ्याला फियाट रुसली तर?

चार महिने ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी फियाट दसऱ्याच्या पूजेला बाहेर काढायची, झेंडूचा हार तयार, आणि किल्ली फिरवली की नुसतेच घुर्र-घुर्र! तुमच्याकडे प्रीमियर पद्मिनी किंवा तिची थोरली बहीण 1100 डिलाइट असेल, तर हा प्रसंग तुम्हाला नवा नाही. पाच मिनिटांत दोन मित्र येतात, तिसरा फोनवर असतो, आणि घरातले कोणीतरी म्हणतेच, "आता भंगारात द्या."

हा निर्णय निदान त्या दिवशी घेऊ नका. कुर्ल्याच्या कारखान्यातून नवी पद्मिनी निघणे बंद होऊन वीस वर्षे उलटली. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही 2023 च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली. बाबांनी जपलेली गाडी एकदा दिली की दिली. आणि बहुतेक वेळा रुसव्याचे कारण मुठीत मावेल एवढेच असते.

मित्र आले हे चांगलेच, पण त्यांना कामे वाटून द्या. एकजण सेल्फ मारायला, एकजण बॉनेटपाशी, आणि एकजण फक्त मोबाइलवर फोटो काढायला. हा तिसरा सर्वांत महत्त्वाचा. प्लगच्या चार वायरी काढण्याआधी त्यांचा फोटो हवाच. या इंजिनाचा क्रम 1-3-4-2 असा आहे. उत्साहात दोन वायरी अदलाबदल झाल्या, तर मूळ दोष राहतो बाजूला आणि गाडी नुसती फटाके फोडते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हेही आधीच ठरवून टाका.

सुरुवात बॅटरीपासून. टर्मिनलवर पांढरी बुरशी दिसली तर वायरी सोडवून गरम पाण्याने धुवा, कोरडे करून घट्ट बसवा. सेल्फ जोरात फिरतो आणि तरीही गाडी घेत नाही, मग करंट पाहा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. एक प्लग काढून परत त्याच्या वायरीत बसवा, रबरी मुठीच्या पकडीने धरून त्याचे लोखंड इंजिनाला टेकवा आणि सेल्फ मारायला सांगा. ठसठशीत निळी ठिणगी हवी. पिवळट, मरगळलेली असेल किंवा नसेलच, तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडा. पावसाळ्यानंतर आत ओल धरलेली असते. कोरड्या फडक्याने पुसा. पॉइंट काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासा. तरीही ठिणगी अशक्त राहिली, तर कंडेन्सर बदलून पाहा. बोटाच्या पेराएवढा हा डबा किती गाड्यांना भंगाराच्या वाटेला लावत असेल!

करंट ठीक असेल तर पेट्रोल. इथे आधी आसपासच्या सिगारेटी विझवायच्या, मुलांना लांब पाठवायचे, प्लग जागेवर बसवायचे. कार्बोरेटरला येणारी नळी काढून बाटलीत सोडा आणि सेल्फ मारा. पेट्रोल ठोक्याठोक्याने यायला हवे. येत नसेल तर इंजिनाला लागून असलेल्या छोट्या पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो, किंवा टाकीतला गंज नळीत अडकलेला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढते आणि जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घाला.

एक मित्र हमखास सुचवेल : "कार्बोरेटरच्या तोंडात थोडे पेट्रोल ओत आणि सेल्फ मार." त्याला प्रेमाने बसवून चहा द्या. इंजिनाने उलटा भपका मारला तर तोंडासमोर आग लागते, आणि तेव्हा बाटली कोणाच्या तरी हातात असते. धक्का मारून पाहायला हरकत नाही, पण तो बॅटरी उतरली असेल तेव्हाच उपयोगी. तेही तिच्यात थोडा जीव असेल तर. ठिणगीच नसेल तर गल्ली दोनदा पालथी घालूनही फक्त मित्र दमतील.

सुरू झाली की लगेच फेरीला निघू नका. दहा मिनिटे चालू ठेवून बॉनेटखाली, जमिनीवर कुठे पेट्रोल ठिबकते का पाहा. मग हार घाला, बाबांना पुढे बसवा. आणि काढलेले पॉइंट चालू स्थितीत असतील तर फेकू नका, फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवा.