दुष्काळी गावाचे चोचले

निमित्त अगदी लहान आहे. म्हसवडमधील एका घरी आम्ही व्हिएतनामी पद्धतीचा शेवयांचा वाडगा केला व खाल्ला. तांदळाच्या गार शेवया, त्यांवर निखाऱ्यांवर भाजलेले मांस आणि मासळी, सोबत कच्चा पाला, शेंगदाण्याचे भरड कूट, आणि वरून खारट-आंबट-गोड-तिखट असे एक पातळ पाणी. तिकडे दक्षिणेत याला 'बून थित नुओंग' म्हणतात. ही हकीकत आम्ही साहित्यात रस घेणाऱ्या स्नेह्यांच्या बैठकीत सांगितली, तेव्हा तीन आक्षेप निघाले. पहिले गृहस्थ म्हणाले, "टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यात हे चोचले कशाला?" दुसरे म्हणाले, "बाटलीतले अस्सल मत्स्यपाणी नसेल, तर त्याला व्हिएतनामी का म्हणायचे?" तिसऱ्यांचा सूर समजुतीचा होता: "यात नवे ते काय? आपल्या कोकणात शिरवाळे आहेतच की." तिघांचेही म्हणणे आम्हांला अमान्य आहे, मात्र राग तिघांवर सारखा नाही. सर्वांत अधिक आहे तो पहिल्यावर.

कारण पहिला आक्षेप दयेचा वेष घेऊन येतो. माणदेशाविषयी कळवळा असणाऱ्या माणसाच्या तोंडूनच तो निघतो, आणि त्याच्या मुळाशी आपल्या वाचनाची एक जुनी खोड आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसे' १९४९ साली आली, 'बनगरवाडी' १९५५ साली. त्या पुस्तकांना आम्ही दोष देत नाही. त्यांतील माणसे हट्टी, विक्षिप्त, लोभी, प्रेमळ अशी सर्व प्रकारची आहेत. पण पुढल्या वाचकांनी त्या माणसांतून एकच माणूस शिल्लक ठेवला: उपाशी, सोशिक, भाकरीच्या तुकड्यावर समाधान मानणारा. मराठी वाचकाच्या मनात माणदेश म्हणजे भूक, असे समीकरण बसले ते बसलेच. भुकेल्या माणसाला अन्न द्यावे हे सर्वांना पटते. त्याला आवडनिवड असू शकते, आज तेच ते नको असे त्याला वाटू शकते, हे मात्र खपत नाही. शहरातला माणूस हुरडा खायला गावाकडे येतो, पिठले-भाकरीला 'कसदार' म्हणतो, फोटो काढतो आणि परतीच्या वाटेवर थाई रस्सा खातो. तोच माणूस म्हसवडच्या चुलीवर परकी शेवई पाहून अस्वस्थ होतो. त्याने वाटेल ते खावे आणि आम्ही त्याच्यासाठी भाकरी थापत जपून राहावे, असा हा करार आहे. आमची त्यावर सही नाही.

शिवाय हा आक्षेप वस्तुस्थितीलाही धरून नाही. दुष्काळाने माणदेशाची चव खुंटवली, असे ज्यांना वाटते त्यांना गलाईवाले ठाऊक नसावेत. विटा, खानापूर, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यातली हजारो माणसे सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. केरळ, तामिळनाडूपासून उत्तरेपर्यंत सराफ बाजारांच्या गल्लीबोळांत त्यांची दुकाने सापडतात. त्यांना गावाबाहेर काढले ते कोरड्या रानाने. ही माणसे यात्रेला, लग्नाला, म्हातारपणी गावी येतात तेव्हा केवळ पैसा आणत नाहीत. ज्या घरी आमचा वाडगा झाला, त्या घरच्या काकींची उमेदीची वर्षे दक्षिणेत गेली. त्यांच्या फडताळात पुरणयंत्राशेजारी इडिअप्पमचा पितळी साचा आहे, आणि नातवंडांच्या लेखी इडिअप्पम हा परका पदार्थ नाही, तो आजीचा पदार्थ आहे. दुष्काळाने या घराला चार प्रांतांच्या चवी दिल्या. पाऊस बरा पडता तर कदाचित हे घर मटकी आणि बाजरीच्या पलीकडे गेलेही नसते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू, कारण दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर चुलीपाशीच आहे.

शेवयांचा प्रश्न साच्याने सोडवला. आपल्या गव्हाच्या शेवया येथे चालत नाहीत. त्या उकळताच मऊ पडतात आणि त्यांना गव्हाचा गोडसर वास असतो. हव्यात तांदळाच्या, बारीक, पांढऱ्या. व्हिएतनाममध्ये तांदळाचे पीठ साच्यातून थेट उकळत्या पाण्यात पाडतात. काकींनी उकड काढून साच्यातून चाळणीवर पाडली आणि वाफवली. वाफवलेली शेवई थोडी कोरडी व चिवट होते, हे मान्य. म्हणून ती गार पाण्यातून एकदा काढली. या पाण्याचा हिशोब कोणी विचारील म्हणून सांगतो: ते घमेल्यात धरले आणि म्हशीपुढे ठेवले. तिने चोचले म्हणून नाकारले नाही.

मूळ पदार्थात मांस डुकराचे. ते या घरात शिजत नाही, म्हणून निम्मे कोंबडीच्या मांडीचे आणि निम्मे बोकडाचे घेतले. बोकडाचे मांस रेषेच्या आडवे, अगदी पातळ कापावे लागते, नाहीतर निखाऱ्यावर त्याचे चामडे होते; कच्च्या पपईचा कीस चोळून ते तासभर ठेवले. वाटणात लसूण, लहान कांदे, मिरी, थोडा गूळ आणि गवती चहा. गवती चहाचे पान आपण चहात टाकतो, पण येथे लागतो तो बुंध्याकडचा पांढरा भाग, बारीक चिरून ठेचलेला. दारच्या आळ्यातला बुंधा आपण आजवर का फेकत आलो, असा प्रश्न काकींनी केला. त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. गूळ हवाच, कारण भाजताना कडा करपून काळपट-तांबूस होतात त्या गुळामुळे, आणि या पदार्थाचा अर्धा जीव त्या कडांत आहे. कोळशाची शेगडी, पापड भाजायची जाळी, एवढ्यावर काम भागले.

समुद्र म्हसवडपासून दूर आहे, सह्याद्रीच्या पलीकडे. पण सुकी मासळी घाट चढून देशावर पिढ्यान्‌पिढ्या येत आहे, आणि सुका बोंबील निखाऱ्यावर भाजण्याची कला येथील कोणाही म्हातारीला शिकवावी लागत नाही. बोंबील भाजून, मधला काटा काढून, त्याचे लांब तुकडे शेवयांवर ठेवले. कोळंबीची उणीव भासली का? भासली. पण भाजल्या बोंबलाची कुरकुरीत खारी धूर-चव गार शेवईवर अशी काही बसली की सायगावच्या कोळंबीचा मत्सर वाटू नये.

खरी अडचण त्या पाण्याची. 'नुओक माम' म्हणजे मांदेलीच्या कुळातल्या बारीक मासळीत मीठ घालून, मोठ्या लाकडी पिंपांत वर्षभर मुरवून काढलेला अर्क. फू क्वोक बेटावरचा विशेष नावाजलेला. त्यात लिंबू, साखर, पाणी, लसूण, मिरची मिसळली की वाडग्यावर ओतायचे 'नुओक चाम' होते. आमच्याकडे बाटली नव्हती. काकींनी जवळा तव्यावर कोरडा भाजला, मीठ घालून पाण्यात उकळला, गाळला, आणि त्या पाण्यात लिंबू, गूळ, ठेचलेला लसूण व हिरवी मिरची घातली. दुसऱ्या आक्षेपकांना आम्ही एवढे मोकळेपणाने देतो: हे मत्स्यपाणी नव्हे. वर्षभर मुरण्याने जी खोली येते ती अर्ध्या तासाच्या उकळीने येत नाही. बाटली आज घरपोच मिळते. मिळाल्यास जरूर आणावी. पण ती नसेल तर पदार्थाला नावच मिळू नये, हा कोणता न्याय? परदेशी गेलेल्या मराठी घरांत ज्वारी न मिळाल्याने भलत्याच पिठाची भाकरी थापली जाते, तिला भाकरी म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. व्हिएतनामी माणसेही १९७५ नंतर बोटींतून जगभर विखुरली आणि जेथे गेली तेथे हाताशी आले ते घेऊन त्यांनी आपले वाडगे भरले. अस्सलपणाचे पहारेकरी मूळ घरापेक्षा ग्राहकांच्या रांगेत अधिक आढळतात.

राहिला पाला: पुदिना, कोथिंबीर, काकडी, साखर-मिठाच्या शिरक्यात घातलेला मुळा व गाजर. मुगाच्या लांब मोडांऐवजी मटकी, जी माणच्या मातीची. कांद्याच्या पातीवर कडकडीत तेल ओतून ते वरून घालतात. काकींनी ते पाहून "ही तर फोडणीच की ओ," म्हटले आणि मोहरी टाकायला हात पुढे केला. आम्ही तो अडवला. (याचा आम्हांला अद्याप थोडा पश्चात्ताप आहे.)

पण या बाटलीवरून एक वेगळीच गोष्ट बोलायची आहे, आणि ती बोलण्यासाठीच खरे तर आम्ही लेखणी उचलली. वासाची गोष्ट. मत्स्यपाण्याचा वास उग्र असतो. कुजलेल्या मासळीचा म्हणा, हरकत नाही. तरीही शहरी स्वयंपाकघरांत त्याची बाटली आता फडताळाच्या दर्शनी भागी उभी असते, आणि तिच्याविषयी बोलताना 'उमामी' हा शब्द आदराने उच्चारला जातो. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली समुद्रशेवाळाच्या रश्शातून ती चव वेगळी काढली व तिला हे नाव दिले. सुकटीत तीच चव ठासून भरलेली आहे. तरी सुकटीला तो शब्द लावलेला आम्ही ऐकला नाही. तिच्यासाठी 'घाण' हा एकच शब्द राखीव आहे. आमच्यापैकी एकास शहरातली भाड्याची खोली भाजल्या बोंबलाच्या वासापायी सोडावी लागली होती. 'फक्त शाकाहारी कुटुंबास' ही पाटी कोणाला दूर ठेवण्यासाठी असते, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागू नये. वास नाकाला येतो, पण त्याचा निवाडा जात आणि घरभाडे करते.

मराठी पाकसाहित्याने या बाबतीत फारसे शौर्य दाखवलेले नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' लिहिले. त्या पाठारे प्रभू, त्यांच्या घरी मासळी-मटण प्रतिष्ठेचे, म्हणून ते ग्रंथात आले. प्रतिष्ठा नसलेल्या घरांच्या मांसाला ग्रंथात शिरायला शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) पर्यंत थांबावे लागले. मधल्या शतकाची भरपाई कोण करणार? २०१६ साली हनोईतल्या एका साध्या खानावळीत बराक ओबामा आणि अँथनी बोर्डेन यांनी 'बून चा' खाल्ले, आणि त्या दोघांचे टेबल पुढे काचेत बंद करून ठेवले गेले. 'बून चा' हे आमच्या वाडग्याचे उत्तरेकडचे भावंड, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून खाल्ले जाणारे. अध्यक्षाने खाल्ल्यावर त्याच्या धुराला सुगंध आला. माणच्या बाजारातल्या सुकटीपुढे असा कोणी अध्यक्ष येईल, याची वाट आम्ही का पाहावी?

तिसऱ्या आक्षेपकांविषयी थोडक्यात. 'आपल्याकडे आधीच होते' हे वाक्य उदार वाटते, पण ते शिकण्याचे दार लावून घेते. शिरवाळे नारळाच्या गोड रसात बुडवून खातात. त्यांवर भाजलेले मांस आणि कच्चा पाला ठेवावा हे आपल्याला सुचले नव्हते, ते दुसऱ्यांना सुचले, आणि ते त्यांचे म्हणूनच घ्यावे. उसने घेण्यात लाज नाही. मिरची आणि भुईमूग दोन्ही अमेरिका खंडांतून आले, आमच्याकडेही आणि त्यांच्याकडेही. ती दोन वगळली तर माणदेशी ताट आणि व्हिएतनामी वाडगा दोन्ही निम्मे रिकामे होतील. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि १५११ साली मलाक्का. गोव्याच्या बालचांवचे नाते मलय लोकांच्या मुरवलेल्या कोळंबीच्या 'बेलाचान'शी सांगितले जाते ते त्यामुळेच. मुरवलेल्या मासळीचा वास पूर्वेकडून आपल्या किनाऱ्यावर पूर्वीच उतरलेला आहे. घाट चढायला त्याला वेळ लागला, इतकेच.

असो. काकींचा अभिप्राय येथे नोंदवणे प्राप्त आहे. त्यांच्या मते शेवया कमी आणि पाला जास्त झाला, मटकीचे मोड एक दिवस आधीचे हवे होते, आणि गार शेवईवर गरम मांस ही गोष्ट पहिल्या तीन घासांना पटत नाही, चौथ्यापासून पटते. नातवाने दोन वाडगे खाल्ले. पुढल्या खेपेस बोंबील दुप्पट आणावयाचे ठरले आहे, आणि मोहरीविषयी वाद अजून मिटलेला नाही.