आधी घरचे बघा

सिरसाळ्याच्या चहाच्या हॉटेलात पेपर मोठ्याने वाचायची पद्धत अजून पुरती मोडलेली नाही. हातोहाती मोबाईल आले, तरी सकाळी एक जण पान उघडतो आणि बाकीचे आपापली मते देतात. दसरा उलटून गेल्यानंतरच्या अशाच एका सकाळी युक्रेनचा विषय निघाला. मी पडलो निवृत्त माणूस. वेळ भरपूर आणि त्यातून कादंबऱ्या लिहिण्याची खोड. फेब्रुवारी २०२२ मध्ये शेजाऱ्याच्या देशात रणगाडे घुसवणाऱ्या रशियाच्या राज्यकर्त्यांवर मी चांगला दहा मिनिटे बोललो. समोरच्या बाकावर एक मुकादम बसला होता. दोन दिवसांनी तो आपली टोळी घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यावर निघणार होता. कप खाली ठेवत तो म्हणाला, "साहेब, लई लांबचं बोलायलात. आधी घरचं बघा की."

हॉटेलात हशा पिकला. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य काही पाठ सोडीना.

बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे वाक्य जरा जास्तच लागते. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि साऱ्या महाराष्ट्राने आमच्याकडे बोट दाखवले. त्याच्याही आधी, २०१९ मध्ये, ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण विधिमंडळात गाजले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. घरची अवस्था अशी असताना मॉस्कोला उपदेश करणारे आपण कोण, हा प्रश्न फालतू नाही. शिवाय त्यात एक खोच आहे. मॉस्कोतला कोणी रात्री माझे दार वाजवायला येणार नाही. जवळच्यावर बोलायला छाती लागते, लांबच्यावर बोलायला नुसता घसा पुरतो.

तरीही मला हा आक्षेप पटत नाही. का पटत नाही, ते सांगायला थोडे मागे जावे लागेल.

१९४६ साली भारताने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नेली. तिथल्या भारतीयांना जमीन आणि वस्ती यांबाबत वेगळे काढणारा कायदा त्याच वर्षी झाला होता. आमसभेत विजयालक्ष्मी पंडितांनी ती बाजू मांडली. समोर स्मट्स होते. तो आपला अंतर्गत प्रश्न आहे, असे दक्षिण आफ्रिकेचे म्हणणे होते. आणि त्याच्या जोडीला, ज्या देशात अस्पृश्यता आहे आणि हिंदू-मुसलमान एकमेकांचे गळे कापताहेत त्याने आम्हाला समता शिकवू नये, असेही सुनावण्यात आले. त्याच ऑगस्टमध्ये कलकत्ता पेटले होते, मग नौखाली. अस्पृश्यतेवर बंदी घालणारी घटना यायला अजून तीन-चार वर्षे होती. म्हणजे उत्तरातली वस्तुस्थिती खोटी नव्हती. तरीही ८ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेने दोन तृतीयांश मतांनी भारताच्या बाजूने ठराव केला. आपल्या हातून तेव्हा चूक झाली, असे आज कोणी म्हणेल का?

मी बँकेत अधिकारी होतो. तिथे एका शाखेचा माणूस दुसऱ्या शाखेच्या तपासणीला जातो. अनेकदा त्याच्या स्वतःच्या शाखेत थकबाकीचा डोंगर असतो. चुका दाखवल्या की समोरचा मॅनेजर हमखास म्हणतो, "साहेब, तुमच्याकडची वसुली कशी आहे हो?" मलाही हे ऐकावे लागले आहे, आणि माझ्याकडची वसुली खरोखरच बरी नव्हती. पण म्हणून त्याच्या लेजरमधली खोटी नोंद खरी ठरत नव्हती. फार तर माझ्या शाखेचीही तपासणी व्हावी, एवढाच त्याचा अर्थ. आणि ती व्हायची, दुसऱ्या कोणाकडून.

आता माझी गोष्ट. १९७४ साली डेव्हिस चषकात अमृतराज बंधूंच्या संघाने पुण्यात रशियाला हरवून अंतिम फेरी गाठली आणि तिथे गाठ दक्षिण आफ्रिकेशी पडली. भारताने खेळायलाच नकार दिला. चषक गेला. मी चौदा वर्षांचा होतो. टेनिसची रॅकेट आमच्यापैकी कोणी हातात धरली नव्हती, पण वर्गात छाती फुगली होती. जून १९७६ मध्ये सोवेटोत आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आलेल्या शाळकरी पोरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. मी तेव्हा अंबाजोगाईला कॉलेजात नुकताच आलो होतो. त्या पोरांवर मी वार्षिकांकात तीन पानी लेख लिहिला. प्राध्यापकांनी पाठ थोपटली.

पुढे २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाडा पेटला. गावोगावी दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना जिवे मारले. आमच्या वर्गात नांदेडकडचा एक दलित मुलगा होता, माझ्या शेजारच्याच बाकावरचा. त्याची वस्ती जळाली. तो गावी गेला आणि त्या वर्षी परत आलाच नाही. कॉलेजच्या आवारात नामांतराविरुद्ध घोषणा चालल्या होत्या. मी घोषणा दिल्या नाहीत एवढेच. त्याच्या गावी गेलो नाही, पत्र टाकले नाही, वार्षिकांकासाठी त्या साली पावसावर लेख दिला. सोवेटो सात-आठ हजार किलोमीटरवर होते, त्याचे गाव एका एस.टी.च्या अंतरावर.

तो पुन्हा भेटला तो १९९४ साली. त्या वर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि एप्रिलअखेर दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसाने पहिल्यांदा मत टाकले. परभणीच्या स्टँडवर आम्ही एकमेकांना ओळखले. तो सरकारी नोकरीत होता. बोलता बोलता मीच धीर करून तो विषय काढला आणि म्हणालो, "तेव्हा सोवेटोवर लिहायचा मला काही अधिकार नव्हता रे." त्याला ते मान्य नव्हते. तो म्हणाला, "लेख चांगला होता. म्हणून तर वाटलं होतं, तू येशील."

मी त्या बोलण्याचा पुष्कळ विचार केला आहे. तू लांबचे का लिहिलेस, असे त्याने विचारले नाही. लिहिलेल्या शब्दाची उधारी त्याने मागितली. लांबच्या अन्यायावर बोलणारा माणूस आपल्या नकळत एका कागदावर सही करून बसतो. तो कागद उद्या गावातलाच कोणी पुढे करू शकतो, आणि करावा.

याच्या उलट, सत्तेवरची माणसे "आधी घरचे बघा" म्हणतात, तेव्हा कोणीच काही बघू नये असा त्यांचा हेतू असतो. ऑगस्ट-सप्टेंबर २००१ मध्ये दरबान इथे वंशवादाविरुद्ध जागतिक परिषद भरली. जातीचा प्रश्न तिथे घ्यावा, असा दलित संघटनांचा आग्रह होता. भारत सरकारने विरोध केला. जात म्हणजे वंश नव्हे आणि हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, असे सांगितले. पंचावन्न वर्षांनी आपण स्मट्स यांच्या खुर्चीत बसलो होतो, आणि तेही दक्षिण आफ्रिकेच्याच भूमीवर. जात आणि वंश एक नाहीत, हा मुद्दा शास्त्र म्हणून मान्य करता येईल. पण ज्याची वस्ती जळाली त्याला व्याख्येतला हा फरक समजावून सांगायला कोणी जावे?

मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने आमच्या ऊसतोड बायकांवर मोठा वृत्तान्त छापला. उचल, बालविवाह, पिशव्या काढणे आणि ती साखर घेणाऱ्या शीतपेयांच्या अमेरिकी कंपन्या, सगळे त्यात होते. इकडे काही जणांना जिल्ह्याची बदनामी झाली असे वाटले. अमेरिकेत काय कमी अन्याय आहे, असे मलाही एकाने ऐकवले. अमेरिकेत अन्याय आहेच. पण महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांनाच. काळ्यांचे हाल त्यानंतरही तिथे संपले नव्हते. त्या देशाचा पाढा स्वच्छ होईपर्यंत फुले थांबले नाहीत, आणि आपल्याकडच्या भटशाहीवर लिहितानाही त्यांनी हात आखडता घेतला नाही. एकाच पुस्तकात दोन्ही मावले. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या काळ्यांचे नेते डुबॉइस यांना पत्र लिहिले. काळ्यांची कैफियत संयुक्त राष्ट्रांपुढे जात असल्याचे त्यांच्या कानावर आले होते. तिची प्रत त्यांना हवी होती, आपल्या लोकांसाठी.

हे सगळे त्या सकाळी हॉटेलात सुचले असते तर बरे झाले असते. सुचले नाही. दुसऱ्या दिवशी मुकादम पुन्हा भेटला तेव्हा मात्र मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटले, "बरं, घरचं बघू. फडात एखादी बाई आजारी पडली, एक दिवस कामाला आली नाही, तर खाड्याचे किती कापता?"

"ते आमच्या हातात कुठं असतंय साहेब," तो म्हणाला. "उचल फिटली पाहिजे ना."

"तरी किती?"

त्याने बाहेर बघितले. रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत पत्रे, पाण्याची पिंपे, गोधड्या, दोन शेळ्या आणि त्या सगळ्यावर बसलेली पोरे. "युक्रेनचं काय म्हणत व्हते तुम्ही काल?" त्याने विचारले.

मी आकडा पुन्हा विचारला. तो चहाचे पैसे ठेवून उठला.