नंबर नेता येतो, मग माणसं का नाही?

२०११च्या जानेवारीत देशभर मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी लागू झाली आणि माझ्या दुकानाचं एक ठरलेलं काम कमी झालं. सांगलीत माझं डीटीपी आणि छपाईचं दुकान आहे. तोवर कंपनी बदलली की नंबर बदलायचा, आणि मग व्हिजिटिंग कार्ड, बिलबुकं, लेटरहेड सगळं नव्याने छापायला गिऱ्हाईक माझ्याकडे. अर्थात एवढं वैतागून बदलणारे थोडे. बाकीचे रेंज नसली तरी मुकाट सोसायचे, कारण गावभर तोच नंबर गेलेला. मग दूरसंचार नियामक ‘ट्राय’चा नियम आला आणि नंबर गिऱ्हाइकाचा झाला. माझं थोडं नुकसान झालं, पण नियम चांगलाच होता.

इंटरनेटवर तसा नियम आपल्याकडे अजून नाही.

‘विकेंद्रित इंटरनेट’ म्हटलं की लोकांना क्रिप्टो, ब्लॉकचेन असलं काही आठवतं आणि ते पान उलटतात. त्यांचं चुकत नाही, त्या नावाखाली फेकाफेकही बरीच झाली. माझं मागणं साधं आहे. एखादी सेवा सोडताना माझा मजकूर आणि माझी माणसं मला बरोबर नेता यावीत, आणि जे तिथेच राहतील त्यांच्याशी बोलणं तुटू नये.

अडकून पडणं म्हणजे काय, हे आमच्या धंद्याला फार आधी कळलं. नव्वदच्या दशकात प्रत्येक कंपनीचा मराठी फॉन्ट वेगळा आणि त्यातली अक्षरांची मांडणीही वेगळी. पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण फाइलच्या पोटात भलतंच इंग्रजी अक्षर नाहीतर चिन्ह बसलेलं असायचं. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की ओळीच्या ओळी कंस, टक्के आणि डॉलर! आजही एखाद्या शाळेचे सर रौप्यमहोत्सवी स्मरणिकेची सीडी घेऊन येतात. “सुवर्णमहोत्सवी अंकात यातले लेख घ्यायचेत, मॅडम.” मग मी मजकूर कन्व्हर्टरमधून काढते आणि रफार, जोडाक्षरं हाताने दुरुस्त करत बसते. युनिकोडने ही कटकट संपवली. ‘क’चा क्रमांक ०९१५, मग मोबाइल कुणाचाही असो. या क्रमांकावर कुठल्याच फॉन्ट कंपनीची मालकी नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण ज्या पेजमेकरवर आम्ही पानं लावायचो त्याला ते कळतच नव्हतं. त्यामुळे आमच्यापर्यंत पोचायला बराच काळ गेला.

आता अक्षरं सुटली आणि माणसं अडकली. लग्नपत्रिकेचं प्रूफ चॅटवर जातं. मुलीचे मामा “धाकट्या आत्यांचं नाव राहिलं” म्हणून कळवतात, दुरुस्ती होते, मग त्यांचा ‘ओके’ येतो. तो ‘ओके’ ही माझी पावती. उद्या नावावरून भांडण झालं तर तोच दाखवायचा. मागे तुळशीचं लग्न उरकल्यावर, ऐन हंगामात, दुकानाचं अकाउंट बंद झालं. कारण दिलं नाही. अर्ज केला, त्याला यंत्राने उत्तर धाडलं. पुढे ते आपोआप सुरू झालं, त्याचंही कारण नाही. मधल्या काळात मशिनवर चढायला निघालेल्या पत्रिकांचे सगळे ‘ओके’ आत कोंडलेले. अ‍ॅपचं नाव सांगत नाही, कारण दुसऱ्या अ‍ॅपवर असते तरी हेच होऊ शकलं असतं. आणि दुसरीकडे जावं तर मामा तिथे नाहीत.

जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली. ती योग्य की अयोग्य, हा वाद बाजूला ठेवू. पण गावोगावच्या पोरापोरींनी जमवलेला प्रेक्षक एका आदेशासरशी गेला, आणि नव्या ठिकाणी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

ईमेलचं असं होत नाही. तुमचा पत्ता एका कंपनीचा, माझा दुसरीचा, तरी पत्र पोचतं. त्याचे नियम १९८२ पासून सगळ्यांना खुले आहेत. समाजमाध्यमांतही हे करायचा प्रयत्न झाला. जर्मनीत ऑयगेन रोख्को यांनी २०१६ मध्ये मॅस्टोडॉन सुरू केलं. सर्व्हर अनेक, मालक अनेक, पण एकमेकांशी बोलणारे. २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं तेव्हा रागावलेले बरेच भारतीय तिकडे गेले. त्यांतले बहुतेक परतले, कारण ओळखीचं कुणी तिथे नव्हतं. शिवाय मॅस्टोडॉनवर सर्व्हर बदलला तर फॉलोअर बरोबर येतात, जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात. आणि हौसेने सर्व्हर चालवणारा माणूस थकला की शिवीगाळ कोण आवरणार, हाही प्रश्न आहेच.

म्हणजे निव्वळ तंत्रज्ञानाने हे होणार नाही. नंबर पोर्टेबिलिटीसुद्धा कंपन्यांनी खुशीने दिली नव्हती. युरोपने कायदा केला आणि मार्च २०२४ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर तिथल्या इतर अ‍ॅपना जोडून घेण्याचं बंधन आलं. युरोपला जमतं ते आपल्याला का जमू नये? आपण तर उलटे गेलो. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८च्या मसुद्यात नागरिकाला आपला डेटा दुसरीकडे नेण्याचा हक्क दिला होता. २०१९च्या विधेयकातही तो होता. २०२३ मध्ये संसदेने जो डेटा संरक्षण कायदा मंजूर केला, त्यात तो नाही. नुसता डेटा नेऊन मामांशी बोलणं चालू राहणार नाही, हे खरं; त्यासाठी युरोपसारखी जोडणीची सक्तीही हवी. पण सुरुवात त्या गाळलेल्या हक्कापासून करता येईल. त्याची भाषा नव्याने लिहायचीही गरज नाही, मसुदा दिल्लीत पडून आहे. आपल्या खासदारांना भेटाल तेव्हा तो हक्क कायद्यात परत आणायला सांगा.